घरच्या ताटापुरतें निर्विष अन्न : थोड्या खर्चांत तें कसें साधावें

नांदगांव पेठेजवळ, अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सकाळच्या प्रहरीं कोणी घटकाभर उभा राहील, तर त्यास एक विचित्र देखावा दिसेल. खेड्यांतून तूर, सोयाबीन व कापूस भरलेल्या गाड्या अमरावतीकडे जात असतात. आणि अमरावतीहून कोबी, वांगीं, डाळ व तेलाचे पुडे घेऊन दुसऱ्या गाड्या त्याच खेड्यांकडे परतत असतात. ज्याच्या वावरांत तूर पिकते तो डाळ विकत आणतो. ज्याच्या विहिरीला बारमास पाणी आहे तो मेथीची जुडी बाजारांतून घेतो. ही गोष्ट इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तींत कांहीं वावगें आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

अलीकडे मात्र सभासद बंधूंकडून एक विचारणा आमच्याकडे वरचेवर येऊं लागली आहे. ती अशी कीं, औषधांच्या माऱ्यांतून आलेलें अन्न मुलाबाळांच्या ताटांत वाढण्यास मन धजत नाहीं. पण शहरांतील दुकानांत ‘सेंद्रिय’ म्हणून जें मिळतें त्याची किंमत ऐकूनच माघारें फिरावें लागतें. तर मग साध्या कास्तकारानें करावें काय ? याच प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. ज्याच्याजवळ स्वतःची जमीन आहे, त्याला निर्विष अन्न पिकविणें महाग नाहीं. विकत घेणें महाग आहे. तेव्हां त्यानें दुकानाचा विचार शेवटीं करावा व वावराचा आधीं करावा.

भय कितपत खरें ?

प्रथम भयाचें स्वरूप नीट पाहिलें पाहिजे. कारण भ्यालेल्या माणसास कोणीहि कांहींहि विकूं शकतो. २०१७ सालीं जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले आणि शेंकडों लोकांना इस्पितळांत ठेवावें लागलें, हें वऱ्हाडांत कोणी विसरलेलें नाहीं. परंतु तें संकट फवारणाऱ्याच्या अंगावर व श्वासांत गेलेल्या विषाचें होतें. ताटांतील अन्नाचें नव्हे. दोहोंची गल्लत करूं नये. तथापि जें औषध फवारणाऱ्याचा जीव घेऊं शकतें, तें तोडणीच्या आदल्या दिवशीं भाजीवर पडलें तर काय होईल, याचा विचार करण्यास फार मोठ्या विद्येची आवश्यकता नाहीं. मोनोक्रोटोफॉस हें औषध भाजीपाल्यावर वापरण्यास सरकारनें २००५ सालींच बंदी केली. पण कपाशीसाठीं आणलेली बाटली त्यानंतरहि उरली सुरली वांग्यावर रिकामी होत असे, हें आपणांपैकीं कित्येकांस ठाऊक आहे.

सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असतें काय, याविषयीं मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. २०१२ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळीनें अनेक अभ्यासांची छाननी करून असें लिहिलें कीं, पौष्टिकतेंत ठळक फरक आढळत नाहीं. मात्र औषधांचे अवशेष सांपडण्याचा संभव सेंद्रिय मालांत कमी असतो. २०१४ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल विद्यापीठाच्या मंडळीनें अशीच छाननी केली. तींत कांहीं उपकारक द्रव्यें सेंद्रिय पिकांत अधिक व कॅडमियम ही अपायकारक धातु कमी आढळली, आणि अवशेषहि कमीच आढळले. यावरून इतकें निश्चित म्हणतां येतें कीं, अवशेष कमी असतात याविषयीं दोन्हीं बाजूंचा मेळ आहे. म्हणून ‘सेंद्रिय’ या शब्दाच्या मागें न लागतां, ज्या पदार्थांवर फवारणी अधिक होते तेवढे आधीं बदलावे, हा शहाणपणाचा मार्ग होय. कमी खर्चाचें सारें रहस्य यांतच आहे.

पैसा कोठें वांचतो ?

कास्तकार विकतो तेव्हां घाऊक भावानें विकतो, आणि घेतो तेव्हां किरकोळ भावानें घेतो. त्याची तूर बाजार समितींत जाते, तेथून डाळ गिरणींत, तेथून ठोक व्यापाऱ्याकडे, पुढें पुड्यांत भरून दुकानांत. आणि या प्रत्येक पायरीचा खर्च व नफा अंगावर घेऊन तीच डाळ त्याच्या घरीं परत येते. म्हणून घरखर्चाची तूर जो विकत नाहीं, तो एका किलोमागें बाजार समितीचा भाव गमावतो, पण दुकानचा भाव वांचवितो; आणि दुकानचा भाव नेहमीं मोठा असतो. त्यांतून ती डाळ निर्विष असेल, तर तो सेंद्रिय दुकानचा भाव वांचवितो, जो त्याहूनहि मोठा आहे. भाजीपाल्यांत हा फरक याहून अधिक आहे. कारण भाजीला गाडी, अडत, हमाली आणि नासाडी एवढ्यांचा भार वाहावा लागतो.

याच्या उलट बाजूहि सांगितली पाहिजे. घरखर्चासाठीं जेवढी जमीन राखून ठेवावी, तेवढ्या जमिनींतील रोख पीक हातचें जातें. तेव्हां हा व्यवहार हिशेबानें केला पाहिजे, हौसेनें नव्हे.

घराची गरज किती ?

राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत, बेतानें काम करणाऱ्या माणसास दररोज सुमारें २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यें, ४०० ग्रॅम भाजीपाला व २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलें आहे. घरांत पांच माणसें धरिलीं, तर वर्षाचा हिशेब असा होतो :

धान्य — सुमारें साडेचार क्विंटल.
डाळी व कडधान्यें — सुमारें दीड क्विंटल.
तेल — सुमारें पन्नास किलो.
भाजीपाला — रोज दोन किलो, म्हणजे वर्षास सात क्विंटलांहून कांहीं अधिक.

वावरांत राबणाऱ्याची भूक लेखणी चालविणाऱ्याहून मोठी असते. शिवाय पैपाहुणे व सालगडी आहेतच. म्हणून धान्य सहा क्विंटल धरावें. आतां ही गरज किती जमिनींत भागेल तें पाहूं. उत्पन्न आम्हीं मुद्दाम बेताचेंच धरिलें आहे, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत तें बेताचेंच येतें.

एक एकर ज्वारी, तींत ठराविक अंतरावर तुरीचीं तासें : यांतून चार क्विंटल ज्वारी व दीड क्विंटल तूर मिळावी. दुसरा अर्धा एकर : खरिपांत मूग, आणि तो निघाल्यावर विहिरीच्या पाण्यावर गहूं. गव्हाचे तीन-चार क्विंटल येण्यास हरकत नाहीं. तिसरा अर्धा एकर : खरिपांत उडीद व मागून करडई. दोन क्विंटल करडई आली, तर घाण्यावर साधारणपणें चार किलो दाण्यास एक किलो या मानानें वर्षाचें तेल निघतें. आणि भाजीपाल्यास घराजवळ किंवा विहिरीजवळ दोन गुंठे. एकूण दोन एकर दोन गुंठे जमीन झाली. ज्याच्याजवळ दहा एकर आहेत त्याला हें जड नाहीं. ज्याच्याजवळ तीन एकर आहेत त्यानें सर्व एकदम करूं नये. पुढें दिलेल्या क्रमानें जेवढें झेपेल तेवढेंच करावें.

कोणत्या क्रमानें वळावें ?

पहिलें पाऊल पालेभाज्या, हिरवी मिरची, कोथिंबीर, वांगीं, भेंडी व फुलकोबी यांचें. हीं पिकें कोंवळीं तोडलीं जातात, वारंवार तोडलीं जातात, आणि दोन तोड्यांमध्यें बाजारासाठीं पिकविणारा माणूस बहुधा फवारणी करितोच. औषधाच्या पुड्यावर लिहिलेली मुदत पाळावयाची म्हणजे दोन तोडे सोडावे लागतात. तें त्यास परवडत नाहीं. यासाठीं जमीन फक्त दोन गुंठे लागते आणि खर्च बियाण्याचा. म्हणजे सर्वांत थोड्या खर्चांत सर्वांत मोठा लाभ येथेंच आहे.

दुसरें पाऊल डाळींचें. कारण तुरीवर फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठीं फवारण्या होतात. तिसरें तेलाचें. करडईचा एक गुण असा कीं, कांट्यांमुळें रोही व रानडुकरें तिच्या वाटेस फारशीं जात नाहींत. आणि विरळणींत काढलेल्या कोंवळ्या रोपांची भाजी होते ती वेगळीच. चौथें पाऊल धान्याचें. ज्वारीवर फवारणी मुळांतच थोडी होते. म्हणून ज्याला ती पेरणें शक्य नाहीं, त्यानें ओळखीच्या कास्तकाराकडून साधी ज्वारी घेतली तरी फारसें बिघडत नाहीं. सेंद्रिय ज्वारीस दुप्पट भाव देण्यापेक्षां तोच पैसा भाजीच्या वाफ्यांस लावावा.

या चार पावलांखेरीज पांचवें एक पाऊल आहे, व त्याला पैसाहि लागत नाहीं. मृगाच्या पावसानंतर धुऱ्यावर तरोटा उगवतो. पुढें चिवळ, घोळ, तांदुळजा, केना, पाथरी या भाज्या आपोआप येतात. आपल्या आजीबाईंना त्या प्रत्येकीची वेळ व कृति पाठ असे. आज त्या दिसेनाशा झाल्या, याचें मोठें कारण तणनाशक औषध होय. ज्या धुऱ्यावर तें मारलें आहे तेथील भाजी खुडूं नये. आणि घरच्या दोन एकरांचा धुरा तरी विळ्यानेंच साफ करावा, म्हणजे आषाढ-श्रावणांतील भाजीचा प्रश्न अर्धा तरी सुटेल.

जागा निवडतांना दोन गोष्टी पाहाव्या. राखून ठेवलेला तुकडा शेजाऱ्याच्या कपाशीला लागून नसावा. असल्यास मध्यें ज्वारी किंवा मक्याची चार-सहा तासें दाट पेरावीं, म्हणजे वाऱ्यानें येणारा फवारा अडेल. नांदगांव पेठेच्या आसपास हमरस्ता व कारखाने आहेत. तेथील मंडळींनीं भाजीचे वाफे रस्त्यापासून दूर, आडोशाला करावे. आणि कपाशीवर तणनाशक मारलेला पंप या तुकड्यांत कदापि आणूं नये. त्यासाठीं जुना कां होईना, पण निराळा पंप ठेवावा.

ज्वारी कां गेली ?

एके काळीं वऱ्हाडच्या प्रत्येक शिवारांत ज्वारी असे. सोयाबीन आल्यावर ती मागें हटली. ‘पुन्हां पेरा’ असें सांगणें सोपें आहे, पण ज्यानें पेरून पाहिली त्याचा अनुभव ऐकावा. सगळ्या शिवारांत एकच तुकडा ज्वारीचा असला कीं, दहा गांवचीं पाखरें त्याच तुकड्यावर उतरतात. रात्रीं रोही व डुकरें येतात. आणि कणसें भरलीं असतां परतीचा पाऊस झाला, तर दाणा काळा पडतो. पहिल्या वर्षीं आमच्या घरच्या एकरांत हेंच झालें. माणसाच्या वांट्यास आलें त्याहून पाखरांच्या वांट्यास अधिक गेलें, आणि शेजाऱ्यांनीं चेष्टा केली ती निराळीच.

दुसऱ्या वर्षीं त्याच शेजाऱ्यांपैकीं कांहींजणांना आम्हीं सोबत घेतलें, आणि लागून लागून असलेल्या वावरांत सर्वांनीं एकाच आठवड्यांत पेरणी केली. पाखरें तेवढींच होतीं. पण त्यांचें खाणें अनेक तुकड्यांत वांटलें गेलें, आणि राखणीची पाळी वांटून घेतां आली. कडबा मिळाला तो बैलांच्या कामीं आला. म्हणून आमची शिफारस अशी कीं, एकट्यानें ज्वारी पेरूं नये. पांच-दहा घरांनीं मिळून पेरावी. जेथें जमीन भारी व ओल टिकणारी आहे तेथें रब्बीची ज्वारी अधिक सुरक्षित; कारण तिला परतीच्या पावसाची भीति नाहीं.

खत

निर्विष शेतीचा खर्च खरोखर खतांत आहे. आणि तो घरच्या घरीं भागवितां येतो. या बाबतींत आपल्या मराठी मुलखाचा वारसा लहान नाहीं. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ नंतर इंदूर येथें, कापूस समितीच्या साह्यानें चाललेल्या संस्थेंत, कचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसविली. आणि १९३१ सालीं त्या विषयावर जो ग्रंथ निघाला त्याचे दुसरे लेखक यशवंत वाड हे होते. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनीं आपल्या नांवाच्या आद्याक्षरांवरून प्रसिद्ध झालेली ‘नाडेप’ पद्धत काढली, व ती देशभर गेली. थोडें शेण आणि पुष्कळ काडीकचरा, हा तिचा विशेष. आणि आज गोठ्यांतील जनावरें कमी झालीं असतां तोच आपणांस उपयोगी आहे.

कृति अशी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असें विटांचें टांकें बांधावें आणि भिंतींत हवेसाठीं भोंकें ठेवावीं. विटा नसल्यास पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या कुडाचें केलें तरी चालतें. आंतून शेणकाला शिंपडून, सहा इंच काडीकचऱ्याचा थर द्यावा. त्यावर शेण कालविलेलें पाणी. त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर. असे थर चढवीत टांकें वर दीड फूट भरावें व शेणमातीनें लिंपून टाकावें. एका टांक्यास सुमारें चौदाशें-पंधराशें किलो काडीकचरा, नव्वद ते शंभर किलो शेण व साडेसतराशें किलो माती लागते. पाणी दीड-दोन हजार लिटर. पंधरा-वीस दिवसांनीं ढीग खचतो, तेव्हां पुन्हां भरून लिंपावा. भेगा पडूं देऊं नयेत व ओल मोडूं देऊं नये. तीन ते चार महिन्यांत सुमारें तीन टन खत तयार होतें. सोयाबीनचें कुटार, तुरीचा पाला, उपटलेलें तण, हें सर्व आपण आज जाळतों किंवा फेंकतों; त्याचेंच हें सोनें होय.

दुसरा उपाय जीवामृताचा. अमरावती जिल्ह्यांतील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनीं त्याचा प्रसार केला, व त्यांस २०१६ सालीं ‘पद्मश्री’ मिळाली. दोनशें लिटर पाण्यांत दहा किलो देशी गाईचें शेण, पांच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन व धुऱ्यावरची मूठभर माती कालवून दोन दिवस सांवलींत ठेवावें व मधून मधून ढवळावें. हें एका एकरास पुरतें. रोख खर्च गूळ व बेसन यांचाच. पाळेकरांचा कंपोस्ट खतास विरोध आहे. आणि उलट पक्षीं राष्ट्रीय कृषि विज्ञान अकादमीनें २०१९ सालीं शून्य खर्चाच्या शेतीच्या दाव्यांविषयीं शंका प्रकट केली. या वादांत घरच्या दोन एकरांपुरतें कोणत्याच पंथाचें होण्याचें कारण नाहीं. आम्ही दोन्हीं वापरतों. जीवामृतानें जमिनींतील जिवाणूंस चालना मिळते असें मानिलें, तरी त्यांस खाण्यास काडीकचरा लागतोच. आणि तो नाडेप टांक्यांतून येतो. शिवाय मूग, उडीद व तूर हीं पिकें स्वतःच हवेंतील नत्र जमिनींत बसवितात, म्हणूनच वर दिलेल्या हिशेबांत तीं ठिकठिकाणीं घातलीं आहेत.

कीड

पहिल्या वर्षीं आमच्या वाफ्यांतील निम्मीं वांगीं शेंडा व फळें पोखरणाऱ्या अळीनें खाल्लीं. हें मुद्दाम सांगतों. कारण ‘सेंद्रिय करा, कीड येतच नाहीं’ असें सांगणारे पुष्कळ आहेत व त्यांच्यावर विसंबून फसणारेहि पुष्कळ आहेत. कीड येते. ती आटोक्यांत ठेवणें हें रोजच्या नजरेचें काम आहे. दुसऱ्या वर्षापासून आम्हीं सुकलेले शेंडे दिसतांच खुडून जाळले, किडकीं फळें वाफ्यांत पडूं दिलीं नाहींत, दोन कामगंध सापळे लावले, आणि नुकसान पुष्कळ उतरलें. उरलेलीं किडकीं वांगीं कापून चांगला भाग भाजीस घेतला. घरच्या ताटास बाजाराचा साज लागत नाहीं, हाहि एक फायदाच.

निंबोळीचा पांच टक्के अर्क प्रत्येक घरीं करितां येतो. उन्हाळ्यांत पडलेल्या निंबोळ्या वेंचून, गर धुऊन, सांवलींत वाळवून ठेवाव्या. लागतील तेव्हां पांच किलो दाण्याची भरड नऊ लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावी, सकाळीं फडक्यानें गाळावी, एका लिटरांत विरघळविलेला दोनशें ग्रॅम धुण्याचा साबण मिसळावा व एकूण शंभर लिटर पाणी करावें. संध्याकाळीं फवारावें. तुरींत पक्ष्यांस बसण्यासाठीं कांट्याकुट्यांचे मचाण उभे करावे. अळ्या वेंचण्याचें काम ते फुकट करितात. तुरीच्या भोंवतीं झेंडूची ओळ व वाफ्यांत कांदा-लसूण लावल्यासहि कांहीं उपयोग होतो. बियाणें घरचें ठेवावें. विकत घेतलेल्या बियाण्यास बहुधा औषध चोळलेलें असतें. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या उडदाच्या टीएयू-१ व करडईच्या एकेएस-२०७ अशा वाणांचें बीं एकदां आणलें, कीं तें दोन-तीन वर्षें घरीं राखितां येतें.

सांठवण

वर्षभर निर्विष पिकवून शेवटीं कोठारांत विष घालणें, यासारखा दुसरा मूर्खपणा नाहीं. धान्यांत ठेवण्याच्या ज्या गोळ्या मिळतात त्यांतून निघणारा वायु प्राणघातक आहे; राहत्या घरांत त्या ठेवूंच नयेत. धान्य कडक उन्हांत वाळवावें, दांताखालीं कट्ट असें फुटलें म्हणजे वाळलें असें समजावें, आणि थंड झाल्यावर हवाबंद पिंपांत भरावें. आंत हवा नसली कीं, किडा जगत नाहीं. कडधान्यांस थोडें तेल चोळावें. तुरीची डाळ शक्य तितक्या लवकर करून घ्यावी, कारण अख्ख्या तुरीस भुंगा लवकर लागतो.

जें विकत घ्यावें लागेल तें

मीठ, गूळ, मसाले, फळें, कांहीं भाज्या या विकत घ्याव्याच लागतील. त्यांत हळद, मिरची व गूळ यांचा शोध ओळखीच्या कास्तकाराकडे घ्यावा. आम्हीं स्वतः एकदां शहरांतील एका दुकानांतून ‘सेंद्रिय’ हळद भारी भावानें आणली. घरीं येऊन पुडा वाचला, तर त्यावर कोणतीच खूण नव्हती. २०१७ सालच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणें सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या बांधीव मालावर प्रमाणपत्राची खूण व ‘जैविक भारत’ हें चिन्ह असावें लागतें. मात्र लहान उत्पादक आपला माल थेट गिऱ्हाइकास विकीत असेल, तर त्यास ही अट नाहीं. म्हणून एक तर खूण पाहावी, नाहीं तर प्रत्यक्ष वावर पाहावें. तिसरा मार्ग फसण्याचा.

बाजारची भाजी आणल्यास ती वाहत्या पाण्यांत चोळून धुवावी, फुलकोबीचे तुरे मिठाच्या पाण्यांत ठेवावे, भोंपळा-काकडी सोलावी. यानें वरचा अंश पुष्कळ जातो. पण झाडाच्या रसांत भिनलेलीं औषधें धुऊन जात नाहींत, हें लक्षांत असावें. ऋतु सोडून आलेली भाजी टाळावी. जिची वेळ नाहीं तिला जगविण्यासाठींच औषध अधिक लागतें.

घाई करूं नये

कित्येक उत्साही मंडळी पहिल्याच वर्षीं सगळी जमीन बदलण्यास निघतात. त्यांनीं श्रीलंकेकडे पाहावें. तेथील सरकारनें २०२१ सालीं रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली. भाताचें पीक घटलें, चहाचें नुकसान झालें, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ती बंदी मागें घ्यावी लागली. जमिनीस वळण लागण्यास वेळ लागतो. प्रमाणपत्राच्या नियमांतहि हंगामी पिकांस दोन वर्षें व फळबागांस तीन वर्षें संक्रमणाचीं धरिलीं आहेत, तीं उगाच नव्हेत. यवतमाळचे सुभाष शर्मा यांस २०२५ सालीं ‘पद्मश्री’ मिळाली; ती कित्येक वर्षांच्या चिकाटीची होती, एका हंगामाची नव्हे. संत्र्याची बाग व कपाशी यांस आज हात लावूं नये. दोन गुंठ्यांत जें साधेल तें दोन एकरांत न्यावें. दोन एकरांत तीन वर्षें टिकलें, तर मग पुढचा विचार.

तेव्हां घरखर्च भागून कांहीं उरूं लागेल. त्या वेळीं निदान पांच कास्तकारांनीं मिळून गट करावा. सहभागी हमी पद्धतींत गटांतील सभासद एकमेकांचीं वावरें तपासतात व त्यावर प्रमाणपत्र मिळतें, म्हणून त्याचा खर्च परक्या संस्थेच्या प्रमाणपत्राच्या मानानें फार थोडा येतो. २०१८ सालीं अमरावती विभागाचे पांच जिल्हे व वर्धा यांसाठीं अकोला येथें मुख्यालय असलेलें डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन स्थापन झालें. अशा गटांस साह्य करणें हें त्याचें कामच आहे. अमरावतीस नोकरी करणारा आपला भाऊ-पुतण्या तीच तुरीची डाळ दुकानांतून भारी भावानें घेत असतो. त्यानें वर्षाची डाळ व गहूं तुमच्याकडून ठरावानें घ्यावा. त्याला ती दुकानाहून स्वस्त पडेल व तुम्हांला बाजार समितीहून अधिक मिळतील.

एक गोष्ट शेवटीं सांगतों. दोन गुंठ्यांचे वाफे पुरुषांच्या उत्साहावर महिनाभर चालतात. घरधनिणीच्या देखरेखीवर वर्षानुवर्षें चालतात. कोणती भाजी मुलें खातात, कोणती वायां जाते, घाण्याचें तेल घरांत चालेल कीं नाहीं, याचा हिशेब तिच्याजवळ असतो. तेव्हां या लेखांतील बेत आंखण्यापूर्वीं सभासद बंधूंनीं तो प्रथम घरांत वाचून दाखवावा, व तेथें जी दुरुस्ती सुचविली जाईल ती मान्य करावी. पावसाळ्यास वेळ असेल, तर निंबोळ्या वेंचण्यापासून व टांकें भरण्यापासून आरंभ करावा. पाऊस लागला असेल, तर दोन वाफे आजच टाकावे. पुढील हंगामाच्या अखेरीस ज्यांस जो अनुभव येईल, मग तो यशाचा असो वा नुकसानीचा, तो त्यांनीं आम्हांस लिहून कळवावा. नुकसानीचा अनुभव आम्ही अधिक आनंदानें छापूं, कारण त्यानें इतर दहाजणांचें नुकसान वांचतें.